द्राक्षबागेच्या मातीत साठणारं तांबं: पत्रिकेत 'पुरेसे' लिहिलंय, पण किती?

कादवाकाठ (धागाकर्ते)

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात पंधरा-वीस वर्षं जुन्या द्राक्षबागा उपटून तिथे कांदा, टोमॅटो, सोयाबीन किंवा पुन्हा नवी बाग लावायचं चाललंय. या जमिनींवर इतकी वर्षं दर पावसाळ्यात बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) पडलाय. मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांबं कुजत नाही की उडून जात नाही. तरी माती आरोग्य पत्रिकेत तांब्यापुढे 'पुरेसे' एवढंच असतं. आकडा २ असो की १२, शेरा तोच.

माझे प्रश्न:
१. वर्षाला एकरी किती तांबं जमिनीत जातं, हे कागदावर कसं काढायचं?
२. प्रयोगशाळेत नेमकी कोणती तपासणी मागायची?
३. साठलंच असेल तर पुढच्या पिकाआधी करण्यासारखं काय आहे?

'सेंद्रिय करा' किंवा 'रसायनं बंद करा' एवढंच सांगणारे प्रतिसाद कृपया नकोत. बोर्डो सेंद्रिय शेतीतही चालतो, तेव्हा हा प्रश्न दोघांचाही आहे.

---

मातीपरीक्षक

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

पत्रिकेतलं तांबं डीटीपीए (मातीतले धातू धरून द्रावणात आणणारं रसायन) पद्धतीने काढलेलं असतं. १० ग्रॅम मातीत २० मिली द्रावण (०.००५ मोलर डीटीपीए, कॅल्शियम क्लोराइड आणि टीईए, सामू म्हणजे पीएच ७.३), दोन तास हलवायचं, गाळायचं आणि एएएसवर (धातू मोजणाऱ्या यंत्रावर) वाचायचं. पद्धत १९७८ ची आहे आणि ती *कमतरता* ओळखण्यासाठी बनवलेली आहे. तांब्याची कमतरतेची रेषा ०.२ पीपीएम (किलोमागे मिलिग्रॅम). त्याच्या वर गेलं की 'पुरेसे'. वरच्या बाजूला दुसरी रेषाच नाही. त्यामुळे ०.५ आणि १५ या दोन्ही आकड्यांपुढे एकच शब्द छापून येतो. पत्रिका खोटं बोलत नाही, तिला तो प्रश्नच विचारलेला नसतो.

साठा बघायचा तर 'एकूण तांबं' मागा. ते अम्लराजात (तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक) माती पचवून काढतात. पावतीवर 'सूक्ष्म अन्नद्रव्य तपासणी' लिहिलं की पुन्हा डीटीपीएच होईल, म्हणून 'एकूण तांबं, अम्लराज पचन' असं स्पष्ट लिहून घ्या. सोबत डीटीपीए, सामू, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुनखडीही करून घ्या. एकट्या एकूण आकड्यावरून निर्णय घेता येत नाही.

---

बोदावरचा

पहिल्या प्रश्नाचं गणित.

मोरचुदात (पाच रेणू पाण्यासह) २५.५ टक्के तांबं असतं. १ टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद. ब्लोअरने (ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राने) एकरी ४०० लिटर पाणी धरलं तर ४ किलो मोरचूद, म्हणजे १.०२ किलो तांबं. खरड छाटणीनंतर काड्या पक्व होताना जून ते सप्टेंबरात अशा चार फवारण्या झाल्या तर वर्षाला ४ किलोच्या थोडं वर.

आता माती. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. वरचा १५ सेंटिमीटर थर आणि घनता १.३ धरली तर ७ लाख ८९ हजार किलो, सोयीसाठी ८ लाख. म्हणजे एकरी १ किलो तांबं = वरच्या थरात साधारण १.२५ पीपीएम वाढ. हा एक आकडा पाठ ठेवा, बाकी सगळं त्यातून निघतं. वर्षाला ४ किलो म्हणजे ५ पीपीएम, वीस वर्षांत १००.

---

सिन्नरकर_ताई

आणि पिकातून बाहेर किती जातं?

---

बोदावरचा

@सिन्नरकर_ताई, जवळजवळ काहीच नाही. द्राक्षात ताज्या वजनाच्या किलोमागे मिलिग्रॅम-दीड मिलिग्रॅम तांबं असतं. एकरी १० टन माल गेला तरी १० ते १५ ग्रॅम. आत ४००० ग्रॅम, बाहेर १५. छाटलेली काडी बारीक करून बोदावरच (वेलींच्या ओळीच्या उंच वरंब्यावर) गाडली तर तिच्यावरचं तांबंही परत तिथेच.

---

चुनखडीवाला

मला या भीतीचा अर्धा भाग पटत नाही.

पहिलं म्हणजे आपली काळी माती बेसाल्टची आहे आणि बेसाल्टमध्ये तांबं मुळातच जास्त. ज्या जमिनीवर कधी बोर्डो पडला नाही तिथेही एकूण तांबं ८०-१०० पीपीएमच्या पुढे असू शकतं. निकेल आणि क्रोमियमचंही तेच. युरोपात सांडपाण्याचा गाळ टाकायच्या जमिनीसाठी एकूण तांब्याची मर्यादा ५० ते १४० आहे. ती इथे लावली तर कोरी गायरानंसुद्धा दूषित ठरतील.

दुसरं, आपला सामू ७.८ ते ८.५ आणि खाली चुनखडी. अशा मातीत तांबं घट्ट बसतं, मुळाला मिळत नाही. ज्या देशांतून विषबाधेची वर्णनं येतात तिथल्या बऱ्याच जमिनी सामू ५-६ च्या, वाळूमिश्रित. तो धसका इथे जसाच्या तसा आणू नये.

---

मातीपरीक्षक

चुनखडीवाला यांचा पहिला मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि म्हणूनच एकट्या आकड्याला अर्थ नाही. तुलनेचा नमुना लागतो: त्याच शिवारातली, त्याच रंगाची, त्याच खोलीची, पण कधीही बाग नसलेली जमीन. बांधावरची माती चालणार नाही, ब्लोअरचा फवारा बांधापर्यंत जातो. गायरान किंवा जुनं पडीक बघा. बाग १९० आणि गायरान ९५ आलं तर फरक ९५, आणि हा फरक म्हणजे तुमचा बोर्डो. तो वर दिलेल्या गणिताशी ताडून बघता येतो.

युरोपचं म्हणाल तर तिथे बोर्डोची सुरुवात १८८५ ची आहे, म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी आधी. २००९ च्या माती सर्वेक्षणाच्या नमुन्यांत सगळ्या जमिनींची सरासरी १७ पीपीएमच्या आसपास आणि द्राक्षबागांची ४९ निघाली. आकडे आपल्यापेक्षा लहान आहेत, पण प्रमाण बघा: जवळजवळ तिप्पट. २०१९ पासून तिथे सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबं एवढीच परवानगी आहे, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो हेक्टरी. एकरी १.६ किलो. बोदावरचा यांच्या उदाहरणात एकरी ४ किलो आहे, अडीच पट.

---

गांडूळवाडी

चुनखडीवाला, 'मुळाला मिळत नाही' हे द्राक्षाच्या मुळाबद्दल ठीक. डॉगरिजची (ज्या खुंटावर द्राक्षाचं कलम करतात त्याची) मुळं खोल जातात आणि तांबं वरच्या १५ सेंटिमीटरात असतं. म्हणून वीस वर्षं वेलीला काही झालं नाही, यावरून माती ठीक आहे असं म्हणता येत नाही. बाग उपटली आणि त्या वरच्या थरात कांद्याचं रोप किंवा सोयाबीन आलं की त्याची पांढरी मुळी नेमकी त्याच थरात फिरते.

मुळाच्याही आधी मार बसतो तो जिवाणूंना. सोयाबीनच्या गाठीतले रायझोबियम तांब्याला नाजूक असतात. उपटलेल्या बागेत सोयाबीन घेतलं तर ३५-४० दिवसांनी पाच-सहा झाडं मातीसकट उचला, मुळं पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि गाठी कापून बघा. आतून गुलाबी असतील तर काम चालू आहे. कमी, बारीक किंवा आतून पांढरट-हिरवट असतील तर नत्र बसत नाहीये. कारण तांबंच असेल असं नाही (पाणी साचणं, बीजप्रक्रिया न करणं, जादा युरिया यांनीही तसंच होतं), पण शेजारच्या बाग नसलेल्या तुकड्यातली झाडं सोबत काढली की उलगडा होतो.

मुळावरची खूण: टोकं आखूड, जाड, तपकिरी, केसमुळं जवळजवळ नाहीत. पानावर लोहाच्या कमतरतेसारखा पिवळेपणा दिसतो, शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं. चुनखडीच्या जमिनीत हा पिवळेपणा तसाही येतोच, म्हणून पान बघून निदान करू नका. मुळं बघा.

---

ओझरचा_फवारा

थोडं विषयांतर, पण उपयोगाचं. बोर्डो चुकीचा बनला की तांबं जास्त लागतं आणि पानही भाजतं.

मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपात विरघळवा. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको, तांबं भांड्यावर बसतं आणि भांडं खातं. मोरचुदाचं द्रावण चुन्याच्या निवळीत ओतायचं, उलटं नाही. किंवा दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात. मग स्वच्छ घासलेला खिळा किंवा विळ्याचं पातं दोन-तीन मिनिटं बुडवा. तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, आणखी निवळी टाका. लिटमसवर उदासीन किंवा किंचित अल्कली पाहिजे.

पुस्तकात एकास एक चुना लिहितात, पण रसायनाच्या हिशेबाने किलोभर मोरचुदाला शुद्ध कळीचा चुना पाव किलोही पुरतो. बाजारातला चुना किती शुद्ध आणि किती जुना, त्यावर खरं प्रमाण ठरतं. म्हणून मापापेक्षा खिळ्यावर विश्वास ठेवा. द्रावण त्याच दिवशी संपवा. उरलं की कण मोठे होतात, पानावर नीट चिकटत नाहीत, पहिल्या पावसात धुऊन बोदावर येतात आणि मग 'बसला नाही' म्हणून पुन्हा एक फवारणी होते.

---

देवळाली_मळा

तांब्याच्या इतर औषधांचं काय? कॉपर हायड्रॉक्साइड कमी लागतं असं दुकानदार सांगतात.

---

बोदावरचा

लेबलवर 'धातुरूप तांबं' किती ते बघायचं, औषधाचं टक्केवारीचं नाव नाही. हायड्रॉक्साइड ५३.८ टक्के म्हणजे तांबं ३५ टक्के. ७७ टक्के म्हणजे तांबं ५० टक्के. ५३.८ वालं लिटरला दीड ग्रॅमने ४०० लिटर मारलं तर ६०० ग्रॅम औषध, म्हणजे २१० ग्रॅम तांबं. १ टक्का बोर्डोच्या पाचव्या हिश्शाएवढं. चिकटून राहण्यात बोर्डो सरस हे खरं, पण प्रत्येक फवारणीला तेवढ्या चिकटपणाची गरज नसते. धो-धो पाऊस आणि जुनी पानं असतील तेव्हा बोर्डो, बाकी वेळी कमी तांब्याचं, असा विचार करता येतो.

मॅन्कोझेबवर (तांबं नसलेल्या बुरशीनाशकावर) जाणाऱ्यांसाठी एक नोंद: त्यात मँगनीज आणि थोडं जस्त असतं. तेही धातूच, फक्त या मात्रेला तांब्याइतकी काळजी नाही.

---

चुनखडीवाला

गांडूळवाडींचा गाठींचा मुद्दा मान्य. मग एक उलटी शंका: आपल्याकडे सामू खाली आणायला एकरी ५० किलो गंधक देतात, ड्रिप साफ करायला आम्लही सोडतात. त्याने बांधलेलं तांबं सुटणार नाही का?

---

मातीपरीक्षक

गणित करून बघू. ३२ ग्रॅम गंधक पूर्ण आम्ल झालं तर १०० ग्रॅम चुनखडी संपवतं. ५० किलो गंधक म्हणजे १५६ किलो चुनखडी. तुमच्या वरच्या थरात १ टक्का जरी मुक्त चुनखडी असेल तर ती एकरी ८ टन आहे, ५ टक्के असेल तर ४० टन. म्हणजे ५० किलो गंधकाने अख्ख्या थराचा सामू हलत नाही, आणि म्हणूनच 'गंधक टाकलं, सामू उतरला नाही' ही तक्रार दर वर्षी येते.

हाच हिशेब हलक्या, मुरमाड, चुनखडी नसलेल्या जमिनीत लागू नाही. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडच्या जास्त पावसाच्या, आंबट मातीत तांबं खरोखर मोकळं असतं. तिथे बोर्डोचा हात आखडता हवा आणि गंधकाचा तर नकोच. ड्रिपरच्या तोंडाशी मात्र कोणत्याही जमिनीत आम्लाचा परिणाम होतो, पण तो वीतभर घेरातला.

---

गोदाकाठ_पालेभाजी

धागा द्राक्षाचा आहे, पण नाशिक शहराच्या खालच्या अंगाला गोदावरी, नंदिनी, वालदेवीच्या पाण्यावर मेथी-पालक पिकतो, त्याचंही इथेच बोलू. तिथे धोका तांब्याचा नाही, कॅडमियमचा आहे. तांबं जास्त झालं तर आधी पीक मरतं आणि शेतकऱ्याला कळतं. कॅडमियमने पीक हिरवंगार राहतं आणि ते खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात साठतं.

सिंचनाच्या पाण्यासाठी एफएओची (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेची) शिफारस: कॅडमियम लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, क्रोमियम ०.१, निकेल ०.२, तांबं ०.२, जस्त २, शिसं ५. कॅडमियम बरोबर मर्यादेवर असलेलं पाणी वर्षाला ६०० मिलिमीटर दिलं तर एकरी २४ ग्रॅम, बोदावरचा यांच्या मापाने ०.०३ पीपीएम. वीस वर्षांत ०.६. मर्यादेतल्या पाण्यानेही साठतं, हे लक्षात घ्या.

पालक, चुका, लेट्यूस ही पानं कॅडमियम भरपूर उचलतात. टोमॅटो, वांगी, मका, शेंगा यांच्या फळा-दाण्यात कमी जातं. शिशाचं वेगळं: ते मुळातून वर फारसं चढत नाही, पानावर धुळीने आणि मातीच्या शिंतोड्याने येतं, म्हणून रस्त्याकडेची पालेभाजी तीन पाण्यांनी धुतल्याने फरक पडतो. कॅडमियम पानाच्या आत असतं, धुऊन जात नाही.

ज्यांच्याकडे दुसरं पाणीच नाही त्यांना पालेभाजी सोडा म्हणणं सोपं आहे, पण तेच खरं उत्तर आहे: त्या वाफ्यात पानाऐवजी फळाचं पीक. आणि जस्ताची कमतरता राहू देऊ नका. जस्त कमी असलं की झाड त्याच वाटेने कॅडमियम आत घेतं. पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर कॅडमियम आणखी सुटतं, म्हणून तिथे पोटॅश एमओपीतून (क्लोराइड असलेल्या खतातून) न देता एसओपीतून (सल्फेटवाल्या खतातून) द्या.

---

सिन्नरकर_ताई

कॅडमियम खतातूनही येतं ना? डीएपीतून?

---

गोदाकाठ_पालेभाजी

येतं. रॉक फॉस्फेट कुठल्या खाणीचं यावर सगळं. गाळाच्या खडकातल्या खनिजात जास्त, अग्निजन्य खडकातल्यात फार कमी. युरोपने २०२२ पासून एक किलो स्फुरदामागे (पी२ओ५) ६० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. त्या मर्यादेवरचं डीएपी धरलं तर ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद, म्हणजे १.४ ग्रॅम कॅडमियम. एकरी वर्षाला दोन गोण्या म्हणजे २.८ ग्रॅम. तीस वर्षांत वरच्या थरात ०.१ पीपीएम. दूषित पाण्यापेक्षा कितीतरी संथ, पण शून्य नाही. न्यूझीलंडमध्ये सुपर फॉस्फेट टाकून कुरणांत एवढं साठलं की २०११ मध्ये त्यांनी कॅडमियमसाठी राष्ट्रीय धोरणच केलं.

आपल्या बागांत स्फुरद आधीच गरजेपेक्षा जास्त साठलेलं असतं. पत्रिकेत स्फुरद 'खूप जास्त' असताना डीएपी टाकणं म्हणजे पैसे घालून कॅडमियम विकत घेणं.

---

देवळाली_मळा

आणि कोंबडीखत? ट्रॉल्याच्या ट्रॉल्या जातात बागेत.

---

गांडूळवाडी

कोंबडीच्या खाद्यात तांबं आणि जस्त मिसळलेलं असतं, त्यातलं बहुतेक विष्ठेत येतं. म्हणून कोंबडीखत तपासूनच घ्या. शहराच्या कचऱ्यापासूनच्या कंपोस्टला खत नियंत्रण आदेशातल्या मर्यादा आहेत, त्याच फूटपट्टीने मोजा. किलोमागे मिलिग्रॅममध्ये: तांबं ३००, जस्त १०००, शिसं १००, निकेल ५०, क्रोमियम ५०, आर्सेनिक १०, कॅडमियम ५, पारा ०.१५.

पण मर्यादेत आहे म्हणजे मोकळीक आहे असं नाही. ३०० मिलिग्रॅमचं खत एकरी ५ टन टाकलं तर दीड किलो तांबं गेलं, म्हणजे १ टक्का बोर्डोच्या दीड फवारण्यांएवढं. 'सेंद्रिय' आहे म्हणून ते हिशेबातून सुटत नाही.

मैलापाण्याच्या केंद्रातला वाळलेला गाळ फुकट मिळतोय म्हणून कोणी बागेत आणत असेल तर हात जोडून विनंती: आठही धातूंचा अहवाल बघितल्याशिवाय एक पाटीही टाकू नका. एकदा मिसळला की वेचून काढता येत नाही.

---

येवला_४२३४०१

मोहरी लावून धातू शोषून घेतात असं वाचलं होतं. तो उपाय नाही का?

---

मातीपरीक्षक

कुंडीत होतो, एकरात नाही. मोहरीचं वाळकं वजन एकरी ३ टन आणि त्यात किलोमागे ५० मिलिग्रॅम तांबं धरलं (हेही उदार आहे) तर १५० ग्रॅम निघालं. वर्षाला ४ किलोच्या थोडं वर, या हिशेबाने वीस वर्षांत साठलेलं ८१ किलो. पाचशे वर्षांहून जास्त. आणि ती मोहरी उपटून शेताबाहेर न्यायची, गाडायची नाही.

ईडीटीए (डीटीपीएसारखंच धातू धरणारं रसायन) सोडून तांबं मोकळं करायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. सुटलेलं सगळं मूळ घेत नाही, उरलेलं विहिरीकडे जातं.

खरोखर काढायचं तर माती बदलावी लागते. जपानमध्ये तोयामा प्रांतात जिंझू नदीकाठची कॅडमियमग्रस्त भातशेती अशीच दुरुस्त केली. काम १९७९ ला सुरू झालं, २०१२ ला संपलं, साडेआठशे हेक्टरांहून जास्त. तेहतीस वर्षं आणि सरकारी-कंपनी खर्च. कुठल्याही एका शेतकऱ्याच्या आवाक्यातली ती गोष्ट नाही. म्हणून साठू न देणं हाच आपल्या हातातला भाग.

---

कादवाकाठ

सगळ्यांचे आभार, बरंच हाती लागलं. तिसऱ्या प्रश्नाकडे परत येऊ या. समजा फरक ८०-१०० पीपीएम निघाला आणि बाग उपटायचीच आहे. पुढचं पीक घेण्याआधी काय क्रमाने करायचं? आणि नमुना घेताना काय चुकतं तेही सांगा.

---

मातीपरीक्षक

नमुना आधी.

बोदावरचा आणि दोन ओळींमधला, असे दोन वेगळे नमुने. वेली वाय आकाराच्या आधारावर चढवलेल्या असतील तर फवारा बोदावर जास्त पडतो, मांडवात तो जास्त पसरतो. दोन्ही एकत्र केले तर सरासरीत खरा आकडा बुडतो. खोलीही दोन: ०-१५ आणि १५-३०. म्हणजे चार पिशव्या, शिवाय गायरानाची एक. प्रत्येक पिशवीसाठी दहा-पंधरा ठिकाणची माती.

चुका होतात त्या अवजारात. पितळी चाळणीने चाळलं की तांबं वाढतं, जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत मिसळलं की जस्त वाढतं. स्टेनलेस स्टीलची खुरपी, प्लास्टिकची बादली, सावलीत वाळवणं, लाकडी मोगरीने फोडणं, नायलॉनची २ मिलिमीटर चाळणी. शेवटच्या तांब्याच्या फवारणीनंतर तीन आठवडे तरी थांबा आणि वरचा पालापाचोळा, पडलेली पानं हाताने बाजूला करा. एक बोर्डो लागलेलं पान पिशवीत गेलं तरी आकडा बिघडतो.

---

गांडूळवाडी

क्रमाचं मी सांगते.

उपटलेल्या बागेची खोडं, ओलांडे (वेलीच्या आडव्या जाड फांद्या), काड्या शेतात कुजवू नका, बाहेर काढा. सालीवर वर्षानुवर्षांची बोर्डोची घट्ट पेस्ट असते.

मग १५-३० चा अहवाल बघा. खाली तांबं कमी आणि चुनखडीही कमी असेल तर ३० सेंटिमीटर खोल नांगरट करा. तांबं नाहीसं होत नाही, पण दुप्पट मातीत पसरलं की अर्ध्यावर येतं. खाली पांढरी चुनखडी असेल तर मात्र खोल नांगरू नका, ती वर आली की लोहाची ओरड पुढची दहा वर्षं पुरते.

नंतर सेंद्रिय कर्ब. तांबं कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाला फार घट्ट धरतं. तपासलेलं शेणखत एकरी १० टन टाकलं आणि त्यात १५ टक्के कर्ब असला तर वरच्या थरात जेमतेम ०.१९ टक्के भर पडते, आणि आपल्या उन्हात त्यातला मोठा भाग दोन वर्षांत जळून जातो. तो जळला की धरलेलं तांबं पुन्हा थोडं सैल होतं. म्हणून एकदाच ढीग टाकून काम होत नाही. दर वर्षी ताग किंवा धैंचा गाडा.

पहिलं पीक मका किंवा ज्वारी. सोयाबीन दुसऱ्या वर्षी, बीजप्रक्रिया करूनच. कांद्याची रोपवाटिका या तुकड्यात मुळीच नको, रोपाची मुळी सर्वात नाजूक असते. लागवडीआधी साधी चाचणी: बागेची आणि गायरानाची माती दोन कुंड्यांत भरा, मुगाचे वीस-वीस दाणे पेरा, पंधराव्या दिवशी मुळं धुऊन शेजारी शेजारी ठेवा. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आत बरंच समजतं.

---

ओझरचा_फवारा

आणि ज्यांची बाग अजून उभी आहे त्यांनी तांब्याचं ड्रेंचिंग (मुळाशी द्रावण ओतणं) थांबवा. पानावर मारलेल्या तांब्याने निदान डाउनी (केवडा रोग) तरी थांबतो, जमिनीत ओतलेलं थेट साठ्यात जातं. त्यातच पंधरा दिवसांनी ट्रायकोडर्मा (उपयुक्त बुरशी) सोडला तर त्यालाही फटका बसू शकतो. सटाण्याकडे अर्ली (लवकर छाटून लवकर माल घेणाऱ्या) बागांवर प्लास्टिक आच्छादन आहे, तिथे पान ओलं राहत नाही म्हणून डाउनीच्या फवारण्या कमी लागतात. खर्च मोठा आहे, पण तांब्याच्या बाजूने बघितलं तर तो सर्वात स्वच्छ उपाय आहे.

---

कादवाकाठ

सगळ्यांचं ऐकून नोंदवहीचं एक पान मांडून बघितलं. काल्पनिक एक एकर, एक वर्ष, सगळे आकडे धातुरूप तांब्याचे:

बोर्डो १ टक्का, ४०० लिटर, दोन वेळा: २.०४ किलो
बोर्डो अर्धा टक्का, ४०० लिटर, दोन वेळा: १.०२ किलो
हायड्रॉक्साइड ५३.८, एक वेळ: ०.२१ किलो
खोड-ओलांड्याला १० टक्के पेस्ट, २० लिटर: ०.५१ किलो
खत ४ टन, किलोमागे ५० मिलिग्रॅम धरून: ०.२० किलो
एकूण ३.९८ किलो. मालातून गेलं ०.०१५.

काही राहिलं का?

---

बोदावरचा

शेततळं राहिलं. शेवाळ जावं म्हणून त्यात मोरचूद टाकतात ते कोणीच धरत नाही. ५० लाख लिटरच्या तळ्यात लिटरला १ मिलिग्रॅम मोरचूद म्हणजे ५ किलो, त्यात १.२७ किलो तांबं. त्या तळ्यावर तीन एकर बाग असेल तर एकरी ०.४२. आपलं पाणी जड आणि अल्कली, त्यामुळे बरंचसं तांबं तळाच्या गाळात बसतं. तो गाळ उन्हाळ्यात काढून बोदावर टाकला की एकदम हिशेबात येतं, म्हणून गाळाचाही एक नमुना पाठवा.

एकूण ४.४ करा. आणि पुढच्या वर्षी कमी करायला पेस्टपासून सुरुवात करा. जिथे साल तडकलीय किंवा मोठी छाट आहे तेवढ्यालाच ब्रशने लावली तर २० लिटरच्या जागी ५ लिटर पुरते.